पहाटे पुळणीवर घोडा काढताना

दिवाळी सरली की कोणीतरी नवा मुलगा आमच्या दारात येऊन उभा राहतो. हातात मोबाइल, त्यात घोड्याचा फोटो. ‘काका, घोडा घेतलाय. रेसचा होता. पुळणीवर किती वाजता पळवू?’ मी विचारतो, ‘आज तिथी कोणती?’ तो माझ्याकडे नुसता बघत राहतो. त्याला वाटतं, म्हातारा मुहूर्त काढतोय.

मी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ११ वर्षं रायडिंग बॉय होतो. म्हणजे रोज पहाटे घोडे कामाला काढायचे ते आम्ही, आणि शर्यतीच्या दिवशी त्यांच्यावर बसणार जॉकी. नंतर गावी आलो, अलिबागजवळ. आता पागेत दोन निवृत्त घोडे आहेत, आणि आजूबाजूची पोरं आपापले घोडे घेऊन येतात. रेसकोर्सवर सकाळच्या कामाचे नियम ठरलेले असतात, आणि ते पाळले जातात की नाही हे बघायला माणसं असतात. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, विचारणारं कोणी नाही. तिथे नियम मोडला की थेट घोड्याचा पाय जातो, नाहीतर कोणाची तरी बरगडी. म्हणून तेच नियम वाळूवर कसे उतरवायचे ते इथे क्रमाने लिहितो. कुलाबा किल्ल्यापर्यंत ओहोटीला टांगा नेणाऱ्यांना यातलं बरंचसं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हे पाठीवर बसून घोडा तयार करणाऱ्या नवख्यांसाठी.

आदल्या रात्री: तिथी बघा

रेसकोर्सवर वाळूचा ट्रॅक रोज फणून, पाणी मारून सारखा केला जातो. आपला ट्रॅक समुद्र तयार करतो, दिवसातून दोनदा, आणि त्याचं वेळापत्रक भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती ३ वाजता, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला ६ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. शाळेत पावकी-निमकी-पाऊणकी घोकलेल्या पिढीला हे बोटांवर यायचं. तुम्हाला मोबाइल आहे. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. प्रत्यक्षात वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे होते, म्हणून मुंबई बंदराचं भरतीचं छापील कोष्टकही ताडून बघा. पण डोक्यात पक्का ठेवायचा तो पाऊणपटीचा हिशेब, कारण पहाटे साडेचारला बॅटरी संपलेली असते.

याचा अर्थ असा. पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीया-चतुर्थीपर्यंत पहाटे ओहोटी मिळते. त्यात उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांब जातं आणि रुंद, ओला, कठीण पट्टा उघडा पडतो. घोड्याचं वेगाचं काम याच दिवसांत. सप्तमी-अष्टमीला पहाटे पाणी भरलेलं असतं, शिवाय भांगाची भरती, म्हणजे ओहोटीलाही पाणी फारसं मागे हटत नाही. त्या दिवसांत घोडा आतल्या रस्त्याने चालवायचा, शेतात नरम कॅंटर, म्हणजे मध्यम दौड, द्यायचा. दशमी-एकादशी सगळ्यात फसवी: पहाटे गेलात तर वाळू दिसते, पण पाणी चढतं असतं. परतताना खाडीच्या तोंडाशी अडकाल.

मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती आमच्या आधी लागते आणि पाण्याचा चढउतार आमच्या निम्म्याच्या आसपास असतो. तिकडच्यांनी हिशेब तिकडच्या गाबितांना, म्हणजे मासेमारांना, विचारावा, माझ्यावर विसंबू नये.

रेसकोर्सवर वेगाचं काम आठवड्यातून फार तर दोनदा. बाकी दिवस चाल, ट्रॉट म्हणजे दुडकी, कॅंटर. पुळणीवर आठवडा विसरा आणि पंधरवडा धरा: उघड्या पट्ट्याच्या पाच-सहा दिवसांत दोनदा वेग, मध्ये किमान दोन दिवस सोडून. उरलेला पंधरवडा हळू काम. नवख्यांना हे पटत नाही. रोज पळवला की घोडा तयार होतो असं त्यांना वाटतं. दम लवकर तयार होतो, हे खरं. पण हाडं आणि पायाच्या नळीमागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी दोरी, टेंडन) फार सावकाश तयार होते, आणि घोडा लंगडा होतो तो या दोघांतल्या अंतरामुळे. दम आलाय म्हणून तो पळायला मागतो, पाय मागत नसतात.

पागेत: खोगीर घालण्याआधी

साडेचारला उठा. दिवा लावा आणि पहिल्यांदा गव्हाणीत बघा. आमच्या तबेल्याचे जमादार रोज एकच प्रश्न विचारायचे, ‘चंदी उरली का?’ चंदी म्हणजे घोड्याचा दाण्याचा खुराक. उत्तर ‘थोडी’ असं चालायचं नाही. किती उरली ते हाताच्या पंजाने दाखवायला लागायचं. रोज फडशा पाडणाऱ्या घोड्याने चंदी ठेवली की त्या दिवशी वेगाचं काम बंद. मग कारण शोधा: ताप, दात, पोट, काहीही असू शकतं.

ताप बघायला शेपटीखाली थर्मामीटर. निरोगी घोड्याचं ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. आपल्यापेक्षा जरा गरमच असतो तो, त्यामुळे ३८ बघून घाबरू नका. जबड्याच्या हाडाखाली बोटं ठेवून नाडी मोजा: शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. रोज त्याच वेळी मोजली तर आठवड्याभरात तुमच्या घोड्याचा स्वतःचा आकडा कळेल, आणि तोच कामाचा. पुस्तकातल्या घोड्याचा उपयोग नाही.

मग पाय. गुडघ्याखालून खुरापर्यंत नळीच्या मागून तळहात सावकाश खाली न्या. दोन्ही पुढचे पाय, पाठोपाठ, त्याच हाताने. सूज डोळ्याला दिसायच्या आधी ऊब हाताला लागते. एक पाय दुसऱ्यापेक्षा कोमट लागला तर तो दिवस चालवण्याचा. नंतर खूर उचलून खडा, वाळू काढा, नालाचे खिळे हलवून बघा. खाऱ्या पाण्यात खिळे पटकन गंजतात आणि अर्धवट सुटलेली नाल घोडा स्वतःच्याच टाचेत घुसवून घेतो.

पागेतून बाहेर काढल्यावर कठीण जमिनीवर वीस पावलं हातात धरून ट्रॉट करा आणि समोरून बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोड्याचं डोकं वर उडतं आणि बरा पाय टेकताना खाली जातं. हे एकदा डोळ्यात बसलं की आयुष्यभर जात नाही. मग लग्नाच्या वरातीतली घोडीही तुम्हाला लंगडताना दिसते.

वेगाच्या कामाआधी तीन तास चंदी द्यायची नाही. मूठभर गवत चालतं, पाणी मात्र तोडू नका. खोगीर घालताना तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, दोनदा आवळायचा: एकदा पागेत आणि परत दहा मिनिटं चालवल्यावर. तंग लागताना बरेच घोडे पोट फुगवतात, आणि मग कॅंटरला खोगीर फिरतं. कातड्याची शिवण रोज बघा, मिठाने ती आतून कुजते. डोक्यावर हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली बांधलेला. अंगात संरक्षक जाकीट. रेसकोर्सवर याशिवाय ट्रॅकवर पाऊल टाकू देत नाहीत. इथे पोरं टोपी उलटी घालून येतात. मी त्यांना माझ्या घोड्यावर बसू देत नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

पट्टा बघणे

पळवायचा तो पट्टा आधी चालत बघून घ्या, जाताना आणि येताना. स्वतःच्या पायांनी बघितलात तर उत्तम. काल होता म्हणून आज तो तसाच असेल असं नाही.

वाळूची परीक्षा टाचेने करा. ओल्या वाळूवर टाच दाबली की भोवतीची वाळू क्षणभर पांढरट, कोरडी पडली पाहिजे. ती घट्ट वाळू. टाच दाबल्यावर वाळू चकाकत राहिली, डळमळली, ठशात लगेच पाणी भरलं, तर तिथून घोडा नेऊ नका. वरची कोरडी, भुसभुशीत वाळूही वेगासाठी वाईट: खूर खोल जातो आणि शिरेवर ताण येतो. चालवायला मात्र ती चांगली, तिच्यासारखा व्यायाम नाही. पट्ट्याला पाण्याकडे उतार किती आहे तेही बघा. उतारावर एका बाजूच्या पायांवर जास्त भार पडतो.

शोधायच्या गोष्टी: नांगराचे दोर, जाळ्याचे तुकडे, पर्यटकांच्या पोरांनी खणलेले खड्डे, आदल्या रात्रीच्या पार्टीच्या बाटल्या, गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या. दोर सर्वांत वाईट, कारण तो वाळूखाली असतो आणि मचवा लाटेवर हलला की अचानक ताणून वर येतो. उभ्या होड्यांच्या समोरून कधीच पळवायचं नाही.

वेळास, आंजर्ले, गुहागर या बाजूला असाल तर आणखी एक. ऑलिव्ह रिडले कासविणी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात भरतीच्या रेषेच्या वर अंडी घालतात. वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग वर गेलेला दिसला की ते घरटं. घोडा भरतीच्या रेषेखालीच ठेवा आणि माग दिसला तर तिथल्या कासवमित्राला कळवा. कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे.

आता खाडीच्या तोंडाबद्दल. हे मी माझ्याकडून सांगतो, कारण चूक माझीच होती. गावी आल्याच्या दुसऱ्या वर्षी, पौष पौर्णिमेनंतरचा दिवस. कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची घोडी होती, सात वर्षांची, समजूतदार. कॅंटर संपवून चालत परतत होतो. खाडीचं पाणी समुद्राला मिळतं तिथे एक उथळ ओहोळ असायचा, रोज ओलांडायचो, घोट्याएवढं पाणी. त्या दिवशी घोडी काठाशी थांबली. मान खाली, नाकपुड्या फुगलेल्या, दोन्ही कान ओहोळावर रोखलेले, आणि एकदाच फुरफुरली. मला वाटलं नखरे करते. सूर्य वर आला होता, मला भूक लागली होती. मी टाच मारली. ती गेली नाही. मी परत मारली. तेव्हा ती गेली, आणि तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुपली.

उधाणाने रात्रीतून जुना ओहोळ बुजवून शेजारी नवा कोरला होता, आणि जुन्याच्या जागी फक्त पाण्याने फुगलेली वाळू होती. मी उडी मारून उतरलो आणि पहिली चूक कमी पडली म्हणून दुसरी केली: लगाम धरून बाजूला ओढू लागलो. घोडी धडपडली आणि पोटापर्यंत गेली. शेजारी होडी सावरणारे दोघे कोळी धावत आले. त्यातला वयस्क म्हणाला, ‘सोड तिला. दम घेऊ दे. तंग काढ.’ तंग सोडला, खोगीर ओढून काढलं. घोडी थरथरत पडून राहिली, पाच मिनिटं असेल, मला तासभर वाटली. मग त्यांनी होडीच्या फळ्या तिच्यापुढे टाकल्या, मी डोकं सरळ पुढे धरलं, आणि त्याने मागून एक हाळी दिली. दोन उड्यांत ती बाहेर. पुढचे आठ दिवस ती फक्त चालली, आणि त्या ओहोळापाशी वर्षभर माझं ऐकलं नाही.

म्हणून खाडीच्या तोंडापासून दोनशे पावलं अलीकडेच वळायचं. आणि असं झालंच तर: उतरा, तंग सोडा, घोड्याला दम घेऊ द्या, डोकं शरीराच्या रेषेत सरळ ठेवा, बाजूला ओढू नका, आणि भरती किती वेळात येते त्याचा हिशेब कोणाला तरी करायला सांगा.

कोण कुठून जाणार

रेसकोर्सवर सकाळी एका वेळी कितीतरी घोडे ट्रॅकवर असतात आणि अपघात त्या मानाने फार थोडे होतात, कारण सगळ्यांची दिशा एक असते आणि वेगाप्रमाणे जागा वाटलेल्या असतात. जोरात जाणारा आतल्या कठड्याला, हळू जाणारा बाहेर, थांबणारा सगळ्यात बाहेर. ट्रॅकवर मध्येच कोणी थांबत नाही, वळत नाही, उलट येत नाही. पुळणीवर कठडा नाही, तेव्हा आम्ही तो मानून घेतलाय. पाण्याकडचा कठीण पट्टा वेगवाल्यांचा. त्याच्या किनाऱ्याकडच्या बाजूने कॅंटर. चालणारे आणि परतणारे आणखी वर, सुरूच्या बाजूने. समोरासमोर आलात तर दोघांनी डावीकडे, चालत.

वेगाची दिशा एकच: घरापासून लांब. घराकडे तोंड करून घोडा पळवायचा नाही, कारण तेव्हा तो तुमचा राहत नाही, गव्हाणीचा होतो. परतीला चाल, फार तर ट्रॉट.

पुढच्याला ओलांडताना ओरडून सांगायचं, ‘डावीकडून!’ किंवा ‘उजवीकडून!’, आणि मध्ये दोन घोड्यांएवढी जागा सोडायची. पुढच्याने रेष बदलायची नाही. थांबायचं असेल तर आधी मागे बघा, मग हळूहळू किनाऱ्याकडे सरका, मग वेग उतरवा, तीनशे मीटर तरी घ्या. दमलेल्या घोड्याला झटक्यात थांबवण्याने जेवढ्या शिरा दुखावतात तेवढ्या पळण्याने दुखावत नाहीत, हे माझं मत आहे, आणि ते मी अनेक सुजलेले पाय हातात धरून बनवलंय.

घोडा सुटला तर ओरडा, ‘सुटला!’ बाकी सगळ्यांनी आपले घोडे थांबवून एका जागी उभं करायचं. पाठलाग कोणीही करायचा नाही. मागे घोडा धावला की सुटलेल्याला शर्यत वाटते. तो बहुतेक उभ्या घोड्यांकडे येतो, नाहीतर घरी जातो. घरी जायला मध्ये डांबरी रस्ता आहे, म्हणून आमच्यातला एकजण रोज पाखाडीच्या, म्हणजे गावात जाणाऱ्या वाटेच्या, तोंडाशी उभा असतो. ते काम कंटाळवाणं आहे, आणि नवा मुलगा पहिला महिना तेच करतो.

सकाळी फिरणारी माणसं, योगासनं करणारे, कुत्री, मासळीची वाट बघणाऱ्या बायका, या सगळ्यांचा हक्क तुमच्या आधीचा. माणसाच्या पन्नास पावलांत आलात की चाल. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी सांगून ठेवा; शनिवार-रविवारी पर्यटक उठायच्या आत, सातच्या ठोक्याला, पुळण सोडा.

निवृत्त रेसचा घोडा आणि तुमचे हात

इथे सर्वांत जास्त पोरं पडतात. रेसच्या घोड्याला लगामावर टेकून पळायची सवय लावलेली असते. तुम्ही घाबरून जेवढं ओढाल तेवढा त्याला आधार मिळतो आणि तो आणखी जोर लावतो. शेजारून टापांचा आवाज आला की त्याला वाटतं शर्यत सुरू झाली. तेव्हा लगामाच्या दोन्ही वाद्या मानेवर एकमेकींवर टाकून धरा. आम्ही त्याला ब्रिज म्हणायचो. मग घोडा तुमचे हात ओढत नाही, स्वतःचीच मान ओढतो. हात खाली, आयाळीजवळ. धरा, सोडा, धरा, सोडा. वजन मागे टाकून लटकू नका. पहिले दोन महिने त्याला एकट्यानेच काढा किंवा एखाद्या थंड डोक्याच्या म्हाताऱ्या घोड्यामागे. आणि विकत घेताना तो निवृत्त का झाला हे विचारा. नळीमागे केळ्यासारखा बाक दिसला तर ती जुनी शीर आहे, तिच्याकडून वेग मागू नका.

क्रम रोज तोच: वीस मिनिटं चाल, दहा मिनिटं ट्रॉट, मग कॅंटर. कॅंटर म्हणजे २०० मीटरला साधारण ३० सेकंद. दोन बांबू २०० मीटरवर रोवून ठेवा आणि घड्याळ लावा. अंदाजाने सगळेच हळू जातात असं वाटतं. रेसकोर्सवर ६०० मीटर ३८-४० सेकंदांत काढलं की ते चांगलं काम. वर्तमानपत्रात ‘६००/४०’ छापून येतं त्याचा अर्थ तोच. पुळणीवर मी ४५ च्या खाली कोणाला जाऊ देत नाही. रेसकोर्सचा ट्रॅक माणसांनी सारखा केलेला असतो.

कॅंटर आणि त्याहून जोरात पळताना घोडा एका झेपेला एक श्वास घेतो, आणि तोही फक्त नाकातून. तोंडाने श्वास घेणं त्याला जमत नाही. म्हणून कान द्या. लय बिघडली, घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला, तर वेग उतरवा आणि डॉक्टरांना दाखवा.

चाबूक जवळ असू द्या, दिशा दाखवायला. मारून घोडा तयार होत नाही, आणि जनावराला क्रूरपणे वागवणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

दमट हवा

मुंबईचा रेसकोर्स हाही समुद्राकाठचाच. हॉर्नबी वेलार्डचा बांध घातला नसता तर तिथे आजही भरतीचं पाणी खेळलं असतं. शर्यती आधी भायखळ्याला व्हायच्या, महालक्ष्मीला आल्या १८८३ मध्ये. तरीही तिथे शर्यती हिवाळ्यात होतात आणि पावसाळ्यात पुण्याला. पावसाचं कारण आहेच, पण घोड्याच्या दृष्टीने आपली दमट हवा हाच मोठा त्रास. घोडा स्वतःला थंड करतो घामाने, आणि हवाच ओली असली की घाम वाळत नाही.

काही घोड्यांचा घाम अशा हवेत हळूहळू बंदच होतो. तबेल्यात त्यांना नॉन-स्वेटर म्हणतात. काम करून आलेला घोडा कोरडा, अंग तापलेलं, नाकपुड्या धापा टाकतायत: हे दिसलं की त्याला चांगलं म्हणू नका, धोका समजा. सावलीत न्या, वारा द्या, गार पाणी ओतत राहा, डॉक्टरांना बोलवा. मार्चनंतर सहाच्या आत काम संपलं पाहिजे, आणि मे महिन्यात मी वेगाचं काम करतच नाही. पावसाळ्यात तर पुळणच जागेवर नसते. लाटा वाळू ओढून नेतात, कडे तुटतात, आणि दिवाळीपर्यंत ती परत भरते. तेवढे महिने घोड्यांना सुट्टी.

परतल्यावर

शेवटची वीस मिनिटं चालत, तंग एक भोक सैल करून. पागेत आल्यावर घोड्याची नाडी दहा मिनिटांत ६० च्या आसपास यायला हवी. येत नसेल तर आजचं काम जास्त झालं.

समुद्रात गुडघाभर पाण्यात दहा मिनिटं उभा केलात तर पायांना छान. पण घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायलाच हवं: पाय, पोट, तंगाची जागा, लगामाची कडी. मीठ राहिलं की तंगाखाली चट्टे उठतात. खूर कोरडे करा, नाहीतर तळ कुजतो. पाणी प्यायला लगेच द्या, थोडं थोडं. चंदी तासाभराने, तीही गव्हाणीत; वाळूवर टाकलीत तर दाण्याबरोबर वाळू पोटात जाते, साचते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं सगळं पुढेच जावं लागतं.

सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी करा. पूर्ण चंदी खाऊन दिवसभर उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला काढला की मागचे पुठ्ठे लाकडासारखे आखडतात, लघवी तांबूस होते. तसं झालं तर एक पाऊलही चालवू नका, आहे तिथेच डॉक्टर आणा. धनुर्वाताची लस चुकवू नका. गंजलेल्या खिळ्यांच्या गावात राहतो आपण.

सगळं आवरलं की वही. शाळेची शंभर पानी पुरते. माझ्या वहीतली एक ओळ देतो, अशीच लिहा:

कार्तिक वद्य द्वितीया. ओहोटी पावणेआठ. ६००/४७, पट्टा घट्ट, खाडीकडे नवा ओहोळ. नाडी दहा मिनिटांत ५८. चंदी संपवली. डावा पुढचा किंचित कोमट. उद्या फक्त चाल.